काळीवरचा जोडा

नाना, तू गेल्यापासून घोडीनं दाणा सोडला, असं गावात सांगतात. खोटं आहे. ती पूर्वीसारखीच खाते, आणि वैरण टाकायला उशीर झाला तर गोठ्याचं दार पायानं ठोकते. पण माणूस गेलं की लोकांना अशा गोष्टी लागतात. काल चावडीवर एक जण सांगत होता की नाना कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलला नाही. तुझा आवाज तापीच्या पलीकडच्या काठाला ऐकू जायचा, आणि त्यातला बराचसा माझ्यावरच खर्च व्हायचा. तो आवाज आता घरात नाही, म्हणून बहुतेक मला झोप येत नाही.

तुझं उत्तरकार्य उरकलं. पाहुणे गेले, तुझ्या दोन्ही मुली आपापल्या सासरी परतल्या, वहिनी आता दुपारची जरा पडते. मी रनाळ्याच्या शाळेत इतकी वर्षं मुलांकडून निबंध लिहून घेतले, स्वतः कधी लिहिला नाही. आज ओट्यावर बसलो आहे, तुझ्या जागेच्या शेजारी. तुझ्या जागेवर कुणी बसत नाही. तसं कुणी ठरवलेलं नाही, पण बसत नाही.

आपला एक वाद अर्धाच राहिला. साखरेचा हा रोग तुला घोडीनं दिला की आबांनी?

माझं म्हणणं तुला पाठ होतं. घोडी यायच्या आधी तू पहाटे उठून काठच्या मळ्यात चालत जायचास, दिवसभर मोट हाकायचास आणि चालतच परत यायचास. मग विहिरीवर ऊस आला, गुऱ्हाळ आलं, हाताखाली सालदार आले. सारंगखेड्याच्या यात्रेत तू ती तांबडी घोडी घेतलीस आणि बांधाबांधानं तिच्यावर बसून फिरायला लागलास. घरात भाकरीच्या जागी गव्हाची पोळी आली, रोज कुणी ना कुणी पाहुणा म्हणून रोज भात, आणि गुळाचा चहा तर येईल त्याच्याबरोबर. तुझं अंग भरलं, धोतराच्या निऱ्या पोटावरून घसरायला लागल्या. गाव खूश झालं. आपल्याकडे घराला बरे दिवस आले की नाही ते धन्याच्या पोटावरून ओळखतात. आम्ही सगळे ज्याला तब्येत सुधारली म्हणत होतो, ती रोगाची तयारी चालली होती.

“घोडीले कसाले दोस देस?” तू म्हणायचास. “आबाकडे कोठे व्हती घोडी?”

तेही खरं होतं. आपले वडील, आबा, शेवटपर्यंत नांगरामागे चालले. तरीही शेवटच्या वर्षी ते उशाशी घागर घेऊन झोपायचे आणि सकाळी ती रिकामी असायची. खात होते आणि वाळत होते. तेव्हा आपण नजर लागली म्हणालो, अंगारा लावला, आणि ते गेले. तुझं म्हणणं, हे रक्तातून आलं. धुळ्याच्या डॉक्टरांना मी विचारलं तर ते म्हणाले, दोघंही बरोबर आहात. रक्तात असतं, आणि बसून खाल्लं की लवकर वर येतं. हा निकाल तुला मुळीच पटला नाही. घरी येताना बैलगाडीत म्हणालास की डॉक्टर मास्तराच्या बाजूचा निघाला.

मला मात्र तुझी एक गोष्ट त्या वादापेक्षा मोठी वाटते. रोग तुला झाला तेव्हा तू तो लपवला नाहीस. याचं आज कुणाला फारसं काही वाटणार नाही. पण तेव्हा आपल्या गावात या दुखण्याला वेगळं नावच नव्हतं. लघवीचं काही बिघडलं की लोक सरळ परमा म्हणत, आणि परमा म्हणजे बाहेरख्याली माणसाचा रोग. गोठ्याच्या भिंतीशी तू जिथे बसायचास तिथे मुंग्यांची रांग लागली, ते आधी सालदारांनी पाहिलं, मग पाणवठ्यावर बायकांत गेलं. वहिनी तोंड लपवून पाणी भरायची. दुसरा कुणी असता तर त्यानं वैदाला मागच्या दारानं बोलावलं असतं. तू भर चावडीवर उभा राहिलास आणि म्हणालास, माझ्या लघवीला साखर आहे, मुंग्या खोटं बोलत नाहीत. आणि मग समोर बसलेल्यांना एकेक करून विचारायला लागलास.

“रातले कितला डाव उठस रे? पानी कितलं पेस?”

माणसं चिडली, हसली, उठून गेली. तू ज्याला त्याला तेच विचारायचास; लग्नाच्या मांडवात, बाजारात, एकदा तर साखरपुड्याला आलेल्या व्याह्यांना. वहिनीनं डोक्यावरचा पदर तोंडात कोंबला होता. पण त्या विचारण्यातून गावातली काही माणसं धुळ्याला गेली, आणि त्यातली बरीच आज चालतीफिरती आहेत. तुझ्या उत्तरकार्याला ती सगळी आली होती. पंगतीत बसून त्यांनी आपणहून भाकरी मागितली. आचारी गोंधळला.

तुझं पथ्य मी पाहिलेलं आहे, म्हणून इतरांच्या उपासतापासाचं मला कौतुक वाटत नाही. आखाजीच्या सणाला घरभर पुरणाचा आणि आमरसाचा वास, माहेरी आलेल्या मुली झोक्यावर, आणि तू पंगतीत सगळ्यांच्या बरोबर बसून ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी खायचास. वेगळा नाही बसायचास. तोंड वाईट करायचा नाहीस, आणि कुणाला बिचारा म्हणू द्यायचा नाहीस. गुऱ्हाळही तू बंद केलं नाहीस. गुळाचा पाक उतरवायची वेळ तूच सांगायचास, पण जिभेनं नाही. थेंब पाण्यात सोडायचास, बोटांत धरून पाहायचास, वास घ्यायचास आणि म्हणायचास, उतरवा. अख्खं गाव तुझ्या हातून रस प्यालं. तुझ्या मिशीला तो परत कधी लागला नाही.

आणि ते घोडीचं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तर तू घोडी विकली नाहीस. लगाम हातात धरून तिच्या शेजारून मळ्यापर्यंत चालत जायला लागलास. रिकामं खोगीर, आणि बाजूला चालणारा मालक. पारावरची टवाळ मंडळी रोज विचारायची, “नाना, तू घोडीले फिराई ऱ्हायना का घोडी तुले फिराई ऱ्हायनी?”

“आम्हले दोन्हीसले डाक्टरनी सांगेल शे,” तू म्हणायचास, आणि थांबायचाही नाहीस.

इतकं सगळं करणारा माणूस एका ठिकाणी अडून बसला. पायाशी.

आपल्या काळ्या जमिनीला आपण नुसतं ‘काळी’ म्हणतो, घरातल्या थोरल्या बाईला हाक मारावी तसं. त्या काळीवर जोडा घालून पाय ठेवायचा नाही, हा आपल्या भाऊबंदांचा नियम. बांधावर आलं की वहाणा काढायच्या. नांगरणी असो, निंदणी असो, खळं असो, धनी असो की सालदार, आत सगळे अनवाणी. बांधावरच्या वहाणा पाहून शेतात कोण आलंय ते लांबून कळायचं. लहानपणी मी एकदा चेंडू आणायला वहाणांसकट आत पळालो होतो, तर आबांनी मला त्या जागी नाक घासायला लावलं होतं. हे आपण कुणी शिकलो नाही. चालायला लागलो तेव्हापासून ते अंगात आहे.

आणि तुझ्या पायांतली जाणीव हळूहळू जात होती. पावलांत कापूस भरल्यासारखं वाटतं, असं तू म्हणायचास, जसं काही गंमतच सांगतोयस. कपाशीची पऱ्हाटी कापून झालेल्या शेतात धसकटं उभी असतात, भाल्यासारखी. त्यांतलं एक तुझ्या डाव्या पायात घुसलं आणि तुला कळलंच नाही. तू तसाच घरी आलास, ओटा चढलास, माजघरात गेलास. वहिनीनं सारवलेल्या जमिनीवर ठसे पाहिले.

“तुमना पायमाईन रंगत चाली ऱ्हायनं,” ती म्हणाली, “तुमले समजत नही का?”

तू पाय उचलून पाहिलास आणि स्वतःच्या रक्ताकडे दुसऱ्या कुणाचं असावं तसं पाहत राहिलास.

ती जखम भरली नाही. हळद झाली, मलम झालं, पाय काळा पडायला लागला. नदी ओलांडून दोंडाईच्यापर्यंत आणि तिथून धुळ्याला मी तुला घेऊन गेलो. साखर ताब्यात आणायची सुई निघाली आहे असं डॉक्टर म्हणाले, पण ती मुंबईहून यायची, आणि जगभर लढाई सुरू झाल्यापासून तीही नीट मिळेनाशी झाली होती. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं काढावी लागली. सांगितलं तेव्हा तू हूं की चूं केलं नाहीस. शुद्धीवर आलास तेव्हा पहिला प्रश्न, मोटेवर कोण आहे.

त्याच खोलीत, तुझ्या खाटेशेजारी, डॉक्टर माझ्याकडे वळले. म्हणाले, “तुम्ही सख्खे भाऊ ना? वडीलही याच दुखण्यानं गेले म्हणता. तुमचीही लघवी तपासू.”

मी हसत हसत दिली. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घातलं, थेंब सोडले आणि नळी दिव्यावर धरली. निळा रंग हिरवा झाला. आपण दोघं पाहत होतो. हिरव्याचा पिवळा झाला आणि मग विटेसारखा लाल. तुझ्या नळीचा रंग कसा होतो ते आपल्याला माहीत होतं, त्यामुळे कुणी काही सांगायची गरज पडली नाही. नाना, तुझी बोटं कापायची ठरली तेव्हा तुझं तोंड जसं होतं तसं राहिलं होतं. त्या नळीकडे पाहताना ते मोडलं. तू डॉक्टरांना म्हणालास, “पुन्हा बघा.” त्यांनी पुन्हा बघितलं. तू म्हणालास, “अजून एकदा बघा, साहेब. तो लहान आहे.”

मी चाळिशी ओलांडलेला मास्तर होतो. पण ते तू कशाला ध्यानात घेशील.

डॉक्टरांनी मला सगळं सांगितलं. भाकरी खा, भाजी खा, गूळ सोडा, चाला. आणि तुझ्या पायाकडे बोट दाखवून म्हणाले, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही. शेतात तर नाहीच.

इथे माझी खरी पंचाईत होती. तुझ्या पायाचं असं झाल्यावर शेती कुणी पाहायची म्हणून मी शाळा सोडून गावी आलो होतो. तुला मुलगा नाही, मलाही नाही. जमीन राखायची तर मला काळीवर उतरायला हवं होतं, आणि उतरायचं तर अनवाणी. पाय राखायचे तर बांधावरून बघ्यासारखं उभं राहायचं, आणि बांधावर उभ्या राहणाऱ्या धन्याची शेती कशी होते ते आपण दोघांनी लोकांच्या घरी पाहिलं आहे.

मी तुझ्याशी किती भांडलो. बरा होऊन परत आल्यावर तू पुन्हा तसाच, तीन बोटं नसलेला पाय कपड्यात गुंडाळून, अनवाणी काळीवर जायला लागलास. मी म्हणालो, अरे, निदान जोडा घाल. मी तुला शास्त्र सांगितलं, व्यवहार सांगितला, डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तू फक्त एकच म्हणायचास.

“मायना मांडीवर कोनी जोडा घालीसन बसस का?”

मी संतापून म्हणालो, मग मीही तसाच येतो, तुझ्यामागं. तू जसा झिजशील तसा मीही झिजेन, आबांची पोरं आहोत, एकाच वाटेनं जाऊ. दादरीची, रब्बीच्या त्या ज्वारीची, पेरणी तोंडावर आली होती आणि मी खरोखर ठरवलं होतं की अनवाणी पाभरीमागे चालायचं. रागानं ठरवलं होतं, पण ठरवलं होतं. तू उठून घोडीला वैरण टाकायला गेलास. मला वाटलं, तुला पटलं.

दुसऱ्या दिवशी तू घोडीवर बसून तळोद्याला निघून गेलास. पायी नाही, खोगिरावर बसून, कारण वाट लांबची होती. बाजाराला जातो म्हणालास. बाजाराचा दिवस नव्हता. नंतर वहिनीनं सांगितलं की आदल्या दुपारी मी ओट्यावर लवंडलो होतो तेव्हा तू सुतळी घेऊन माझ्या पायाची लांबी-रुंदी घेतलीस, हळूच, जसं काही मी जागा झालो तर भांडेन. भांडलोच असतो.

पेरणीच्या सकाळी सगळे भाऊबंद मळ्यात जमले. आपल्याकडे दादरीची पहिली ओळ सगळ्यांच्या समोर पडते. पाभरीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. बांधावर वहाणांची रांग. हिलालकाका, आबांचे धाकटे भाऊ, भाऊबंदांत सगळ्यांत वडील, पाभरीजवळ उभे होते. मी बांधावर वहाणा काढायला वाकलो, तेवढ्यात तू बैलगाडीतून उतरलास. पायांत कातड्याचे जोडे. नवे, रुंद, मऊ, तळाला दुहेरी चामडं. डाव्यात गेलेल्या बोटांच्या जागी कापसाचा बोळा. हातात आणखी एक जोड होता.

तू बांधावर थांबलास. वाकलास, काळीला हात लावून कपाळाला लावलास. ओठ हलले. काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही, आणि नंतर मी कधी विचारलंही नाही. ते तुझं आणि तिचं होतं असं वाटलं. मग सगळ्यांच्या देखत तू जोड्यासकट आत पाऊल टाकलंस.

बैलांच्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. मग हिलालकाका पुढे आले.

“तुन्हा आजलानी आठे कधी जोडा घालेल नही.”

“मीबी नही घाला, काका,” तू म्हणालास. “बोटं दिधात, पन नही घाला.”

“मंग आज काय व्हयनं?”

तू माझ्याकडे बोट केलंस. “मन्हा पायनं व्हई गयं. याना पाय ऱ्हावाले जोयजे.” आणि मग खाली काळीकडे पाहून, आईपुढे तिच्या मुलाबद्दल बोलावं तसं म्हणालास, “इचारा मायले. तिले लंगडा आंडोर जोयजे का जोडावाला?”

हिलालकाका वळले आणि आपल्या वहाणा हातात घेऊन निघून गेले. त्यांच्यामागे आणखी काही जण गेले. तू दुसरा जोड माझ्या पायांपुढे टाकलास आणि खेकसलास, घाल, पेरणीला उशीर होतोय. जोडे मापात बसले. तू पाभरीच्या चाड्यावर मूठ धरलीस, मी तुझ्या बाजूनं बैल हाकले, आणि दादरीची पहिली ओळ पडली. तू लंगडत होतास, ओळ मात्र सरळ होती.

मला तेव्हा कळलं की तू माझा एकही मुद्दा मान्य केलेला नव्हतास. शास्त्र, व्यवहार, डॉक्टर, काहीच नाही. तुझ्या लेखी काळीवर जोडा घालणं हा अपराधच होता. माझे पाय वाचावेत म्हणून तो तू आधी स्वतः केलास, म्हणजे लोक बोलतील ते तुला बोलतील. स्वतःच्या बोटांसाठी जे केलं नाहीस ते माझ्यासाठी केलंस. असं काही आपल्या घरात बोलून दाखवत नाहीत. मीही दाखवलं नाही. रात्री जेवताना मी एवढंच म्हणालो की जोडा जरा टाचेला घासतो, आणि तू म्हणालास, मास्तरांची टाच नाजूक.

हिलालकाकांनी त्या दिवसापासून आपल्या घराशी बोलणं सोडलं. ओट्यासमोरून जाताना ते मान पलीकडे वळवायचे. तू दरवेळी “राम राम, काका” म्हणायचास आणि उत्तराची वाट न पाहता चिलीम भरायला लागायचास. तुला ते किती लागायचं हे मला माहीत आहे, कारण नंतरची चिलीम तू ओढायचा नाहीस, नुसती भरून ठेवायचास. गावात काही दिवस ‘जोडावाला पाटील’ म्हणून तुझी टिंगल झाली. मग हळूहळू, ज्यांच्या पायांना मुंग्या यायच्या त्या म्हाताऱ्यांनी लांबच्या शेतात, कुणी पाहत नाही असं पाहून, वहाणा घालायला सुरुवात केली. त्यांना वाटायचं कुणाला कळत नाही. बांधावरची रांग विरळ झाली होती, ते सगळ्यांनाच दिसत होतं.

आणि संध्याकाळचं ते. ते तर मी कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पायाचे तळवे रोज बघायचे, कारण जखम दुखत नाही. मी कंटाळा करायचो. तर तू दिवेलागणीच्या आधी उजेड असतानाच मला ओट्यावर बसवायचास, माझा पाय ओढून आपल्या मांडीवर घ्यायचास आणि अंगठ्यानं तळवा चाचपायचास, बोटांच्या बेचक्यांसकट. आपल्याकडे धाकट्यानं थोरल्याच्या पायाला हात लावायचा असतो. मी पाय ओढून घ्यायचो, लोक बघतात म्हणायचो. “बघू दे,” म्हणायचास, आणि काटा सापडला की असा खूश व्हायचास की जणू विहिरीला पाणी लागलं. सुईनं काटा काढताना तुझे डोळे बारीक व्हायचे. तुला कमी दिसायला लागलं होतं, तेही याच रोगानं, पण हाताला कळायचं. आता वहिनी बघते. ती चांगलं बघते. पण ती शिव्या देत नाही, त्यामुळे बघितल्यासारखं वाटत नाही.

तुझं शेवटचं दुखणं थोडं चाललं, ते बरं झालं. अंगावर सूज आली, भूक गेली, मग शुद्ध जायला लागली. यंदाची दादर खळ्यावर आली होती. एका सकाळी तू विचारलंस, दाणा कसा आहे. मी ओंजळभर आणून तुझ्या हातात दिला. तू दाबून पाहिलास, वास घेतलास आणि मूठ उघडलीच नाहीस. दुपारच्या आत गेलास.

यापुढचं तुला माहीत नाही, म्हणून सांगतो.

चैत्रातली दुपार होती. मुली येईपर्यंत ठेवणं शक्य नव्हतं. तुला मुलगा नाही, म्हणून पुढे मडकं धरून चालायचं ते मी. मडकं धरणाऱ्याच्या पायांत काही नसतं. हा नियम तर काळीच्या नियमाहून जुना, आणि अशा कामात चामड्याचा विटाळ. मला तो मोडायचा नव्हता. नदीपर्यंतची वाट तू ओळखतोस, आधी बाभळींचे काटे आणि मग वाळूचं तापलेलं पात्र. त्या वाळूनं माझे तळवे भाजले तर मला कळणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण आजच्या दिवशी तरी तुझा भाऊ म्हणून रीतीनं चालायचं, पायांचं काय व्हायचं ते होवो, असं मी ठरवलं. वहिनी दारातून माझ्या पायांकडे बघत होती.

मी मडक्याला हात घालणार तोच गर्दी बाजूला झाली आणि हिलालकाका आत आले. त्या पेरणीनंतर पहिल्यांदा ते आपल्या अंगणात आले होते. तुझ्याजवळ उभे राहिले. तुझ्या पायांवरचं कापड थोडं बाजूला करून त्यांनी डावा पाय पाहिला, तीन बोटं नसलेला, आणि त्यावर हात ठेवला. मग ते ओट्याकडे गेले. माझे जोडे तिथे भिंतीशी होते. ते उचलून घेऊन आले, आणि नाना, आपल्या भाऊबंदांतला सगळ्यांत वडील माणूस माझ्यापुढे खाली बसला. त्यांनी ते माझ्या पायांपुढे सरळ मांडले.

“घाल, बापू,” ते म्हणाले. “वाळू तपेल शे.”

कुणी हरकत घेतली नाही. मी जोडे घातले, मडकं उचललं आणि जन्मात पहिल्यांदा तुझ्या पुढे चाललो.